फॉर्मवर मी ‘३०’ लिहिलं

तर झालं असं, की बालीतल्या एका डाइव्ह सेंटरच्या काउंटरवर माझ्यासमोर एक फॉर्म आला. नाव, वय, दमा आहे का, कानाचा त्रास आहे का, आणि शेवटी एक चौकट : आतापर्यंत किती डाइव्ह केल्या आहेत? खरा आकडा होता आठ. त्यातल्या चार तर अंदमानात कोर्स करतानाच्या. शेवटची डाइव्ह होऊनही वर्ष उलटून गेलेलं. पेन हातात धरून मी थबकले, तेवढ्यात शेजारी उभी असलेली मैत्रीण कुजबुजली, “अगं, तीस लिही. आठ लिहिलंस तर तुला वेगळं काढतील, कुठल्यातरी सोप्या साइटवर पाठवतील.”

मी तीस लिहिलं. लॉगबुक कुणी मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नुसा पेनिडा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर ड्रिफ्ट डाइव्हिंगला गेलो. त्या डाइव्हचं रील माझ्या प्रोफाइलवर आहे. निळंशार पाणी, झपझप मागे जाणारी प्रवाळांची भिंत, हात छातीशी बांधून तरंगत निघालेली मी. खाली ‘बकेट लिस्ट’ वगैरे लिहिलंय. त्या रीलमध्ये जे नाही, ते सांगण्यासाठी हा लेख. कारण गेल्या काही महिन्यांत किमान चार जणांनी मला इनबॉक्समध्ये विचारलंय, “नवशिक्यांनी केलं तर चालतं का गं हे?”

आधी ड्रिफ्ट डाइव्हिंग म्हणजे काय ते सांगते. मी डोंबिवलीकर आहे, त्यामुळे मला ते लोकलच्या भाषेतच सांगता येतं. संध्याकाळी दादरला प्लॅटफॉर्मवर नुसतं योग्य जागी उभं राहायचं, चढायचं काम गर्दी करते. ड्रिफ्ट डाइव्हिंगमध्ये पाणी तेच करतं. पाण्यात प्रवाह असतो, त्याच्याविरुद्ध पाय मारायचे नाहीत, त्याच्याबरोबर जायचं. साध्या डाइव्हमध्ये बहुतेकदा जिथे उतरलो तिथेच परत यायचं असतं. इथे एका ठिकाणी उतरायचं आणि दुसऱ्याच ठिकाणी वर यायचं. बोट नांगर टाकून थांबत नाही, ती आपल्या मागे मागे येते आणि आपण वर आलो की उचलते.

ऐकायला किती सोपं! आणि खरं सांगायचं तर सोपं असूही शकतं. नवशिक्यांना ड्रिफ्ट डाइव्हिंग करू देणाऱ्यांची बाजू अगदीच कच्ची नाही. मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटाभोवती जवळपास सगळं डाइव्हिंग प्रवाहाबरोबरच चालतं. तिथल्या सौम्य प्रवाहाच्या साइट्सवर नवखे लोकही चांगल्या गाइडबरोबर मजेत फिरून येतात. पोहण्याचे कष्ट कमी, त्यामुळे दमछाक कमी, आणि तेवढ्याच वेळात दुप्पट-तिप्पट समुद्र बघून होतो. शिवाय कागदावरही बंदी नाही. पॅडी या संस्थेचा ‘ओपन वॉटर’ हा पहिला कोर्स खुल्या पाण्यातल्या चार डाइव्हनंतर पूर्ण होतो आणि त्यानंतर १८ मीटरपर्यंत जायची मुभा मिळते. ड्रिफ्ट डाइव्हिंगचा वेगळा कोर्स त्यानंतर लगेच करता येतो. तोही दोन डाइव्हचा. म्हणजे सहा डाइव्हमध्ये तुम्ही सर्टिफाइड ड्रिफ्ट डायव्हर! मग आठवाली मी चुकले कुठे?

चुकले ते हे समजण्यात, की ‘कष्ट कमी’ म्हणजे ‘सोपं’. लोकलचंच उदाहरण पुढे नेते. गर्दी चढवते हे खरं, पण कुठे उतरायचं ते आपल्या हातात राहत नाही. साध्या डाइव्हमध्ये मास्कमध्ये पाणी गेलं, घाबरायला झालं, फिन सैल झाली, तर वाळूवर गुडघे टेकून दोन मिनिटं थांबता येतं. गाइड समोर येतो, डोळ्यात डोळे घालून ‘ओके?’ विचारतो. प्रवाहात हे थांबणंच नाही. तुम्ही मास्क रिकामा करेपर्यंत ग्रुप पुढे गेलेला असतो.

थोडं गणित करून बघा. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. आपण रमतगमत चालतो त्याच्या निम्म्याहून कमी. पण पाणी हवेपेक्षा साधारण आठशे पट घन आहे. पाठीवर सिलिंडर आणि अंगावर फुगलेलं जॅकेट घेऊन एक नॉटच्या विरुद्ध पोहायचं म्हटलं, तर धडधाकट माणूसही काही मिनिटांत थकतो. दोन नॉटविरुद्ध जायचा तर विचारच सोडा. ऑलिंपिकच्या १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये जो पोहणारा ४७ सेकंदांत भिंतीला हात लावतो, त्याचा वेगही चार नॉटच्या आसपासच भरतो. तोही अंगावर सिलिंडर नसताना, आणि तेवढ्या ४७ सेकंदांपुरताच. नुसा पेनिडाच्या आसपास प्रवाह कधीकधी त्याहूनही जोरात धावतो. प्रशांत महासागराचं पाणी इंडोनेशियाच्या बेटांमधून हिंदी महासागरात येतं, त्याच्या मोठ्या वाटांपैकी एक म्हणजे या बेटाला लागून असलेली लोंबोकची सामुद्रधुनी. त्यात भर पडते भरती-ओहोटीची.

भरती-ओहोटीवरून आठवलं. माझं आजोळ मालवणकडचं. आजी कालनिर्णयवर तिथी बघून सांगायची, “आज उधाण, किनाऱ्यावर जाऊ नका.” पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची. उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, म्हणजे तेवढ्याच वेळात जास्त पाण्याला ये-जा करावी लागते आणि प्रवाह वाढतो. हे नियम बालीतही तेच. आम्ही डाइव्ह केली तो दिवस पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाचा होता. हे मला कधी कळलं? परत आल्यावर. आजीच्या नातीने हॉटेलांचे रिव्ह्यू तासन् तास वाचले, तिथी काही बघितली नाही.

आता त्या रीलमध्ये नसलेली गोष्ट.

पहिली वीस मिनिटं स्वप्नासारखी होती. मग मी माझा गेज पाहिला. २०० बारवरून सुरुवात केलेली, काटा ७० वर आलेला. मैत्रिणीचा अजून १२० वर होता. असं का होतं? नवखा माणूस भराभर आणि उथळ श्वास घेतो, हातपाय उगाच हलवतो, त्यामुळे हवा जास्त लागते. शिवाय दहा मीटरवर प्रत्येक श्वासाला पृष्ठभागापेक्षा दुप्पट हवा खर्च होते, वीस मीटरवर तिप्पट. साध्या डाइव्हमध्ये अशा वेळी “माझी हवा संपत आली, मी वर जाते” असं खुणेने सांगून बोटीखालीच वर येता येतं. इथे बोट कुठे आहे हेच खालून माहीत नाही. मी गाइडला खूण केली. त्याच्यामागे आम्ही सहा जण होतो. त्याने सगळ्यांनाच हळूहळू वर घ्यायला सुरुवात केली.

वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. सेफ्टी स्टॉप म्हणतात त्याला. शरीरात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून. भिंत आता मागे राहिली होती. खाली निळं, समोर निळं, बाजूला निळं. धरायला काही नाही आणि नजर ठेवायलाही काही नाही. आपण वर जातोय की खाली, हे अशा वेळी फक्त मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवरून कळतं. मी मात्र मैत्रिणीकडे बघत होते. वर जाऊ तसा दाब कमी होतो आणि जॅकेटमधली हवा फुगते. दहा मीटरपासून पृष्ठभागापर्यंत ती दुप्पट होते. म्हणजे शेवटचे काही मीटरच सगळ्यात निसरडे. ती हवा वेळेवर सोडायची असते. मी सोडली नाही. पाहता पाहता मी वर खेचली गेले आणि डोकं पाण्याबाहेर आलं.

आजूबाजूला कुणी नव्हतं.

बोट दिसली, पण लांब, आणि तिचं नाक दुसरीकडे वळलेलं. थोड्या वेळाने दूरवर केशरी रंगाचा बोया पाण्यातून वर आला. तो गाइडचा. बोट त्या दिशेने निघाली, आणि ते बरोबरच होतं, कारण बोटीला तेवढंच दिसत होतं. माझ्याकडे बोया नव्हता. तो नसेल तर मागून घ्यायचा असतो, हेही मला माहीत नव्हतं. मी हात हलवले, ओरडले. लाटांमध्ये एक काळं डोकं म्हणजे किती दिसणार? माझा कॉम्प्युटर नंतर पाहिला तेव्हा कळलं, मी ११ मिनिटं एकटी होते. एक नॉटच्या हिशेबाने ११ मिनिटांत माणूस ३४० मीटर वाहत जातो. मला शेवटी दुसऱ्याच एका सेंटरच्या बोटीने पाहिलं आणि उचललं.

झालं काहीच नाही. ना इजा, ना हॉस्पिटल. दुपारी आम्ही नासी गोरेंग खाल्लं, संध्याकाळी मी रील टाकलं. आणि हेच मला जास्त धोकादायक वाटतं. काहीच न झाल्यामुळे मैत्रिणीच्या आणि माझ्या ‘अनुभवात’ एका डाइव्हची भर पडली. ११ मिनिटं कुठेच लिहिली गेली नाहीत.

याच परिसरात सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये शेजारच्या नुसा लेंबोंगानजवळ सात जपानी महिला डायव्हर्स बेपत्ता झाल्या. पाच पर्यटक आणि दोन प्रशिक्षक. अचानक आलेल्या जोरदार पावसात त्या कुठे वर आल्या हे बोटीला समजलं नाही. तीन दिवसांनी पाच जणी जिवंत सापडल्या, दोघी वाचल्या नाहीत. कुणी म्हणेल, बघा, तिथे तर प्रशिक्षक होते, मग अनुभवाचा काय उपयोग? मला त्यातून उलटं दिसतं. ड्रिफ्ट डाइव्हमध्ये गडबड होते ती पुष्कळदा पाण्याखाली नाही, पाण्यावर. बोट आणि डायव्हर यांची चुकामूक होते तेव्हा. जाणकारांनाही जिथे समुद्र चकवतो, तिथे जाताना आपल्या बाजूने एकही गोष्ट कच्ची असून चालत नाही. आणि माझ्या तर तीन कच्च्या होत्या. पाण्यात एका जागी स्थिर राहणं, हवेचा हिशेब आणि बोया.

आता मुद्द्याचा प्रश्न. मग नवख्यांनी ड्रिफ्ट डाइव्हिंग करूच नये का?

इथे माझ्यातली इंटर्न जागी होते. नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत ‘दोन वर्षांचा अनुभव आवश्यक’ असतं आणि आम्ही फ्रेशर्स चरफडत विचारतो, की कुणी घेतलंच नाही तर अनुभव येणार कुठून? प्रवाहाचंही तेच आहे. प्रवाहात न उतरता प्रवाह शिकता येत नाही. म्हणून सरसकट ‘नको’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण फ्रेशरला पहिल्याच दिवशी पहिल्या पानाची मुख्य बातमी कुणी देतं का? आधी शेजारी सीनियर बसतो. चुकलं तर खोडतो, पुन्हा लिहायला लावतो. प्रवाहातही अशीच इंटर्नशिप हवी. सौम्य प्रवाह, फार खोली नाही, एका प्रशिक्षकामागे एक किंवा दोनच जण, आणि उद्देश शिकण्याचा. सहा जणांच्या घोळक्यात, शूटिंग करत, उधाणाच्या दुसऱ्या दिवशी केलेली ‘फन डाइव्ह’ ही इंटर्नशिप नव्हे. कागद दोन्हींना परवानगी देतो. पण कोर्समध्ये तुमच्याकडे बघण्यासाठी एक माणूस नेमलेला असतो, फन डाइव्हमध्ये तुम्ही स्वतःचे स्वतः आहात असं गृहीत धरलेलं असतं. हा फरक मला आधी कळायला हवा होता.

आणि डाइव्हच्या आकड्यावर तरी किती विसंबायचं? अंदमानच्या शांत पाण्यात केलेल्या तीस डाइव्हनीही प्रवाह शिकवला नसताच. त्यामुळे माझ्यापुरती मी वेगळी फूटपट्टी ठरवली आहे. कशालाही न धरता, पाच मीटरवर तीन मिनिटं, अर्धा-एक मीटर इकडेतिकडे, स्थिर राहता येतं का? आपला बोया पाण्याखालून स्वतः फुगवून वर सोडता येतो का? न विचारता दर काही मिनिटांनी गेज बघायची सवय लागली आहे का? ग्रुपशी चुकामूक झाली तर एक मिनिट आजूबाजूला शोधायचं आणि मग सावकाश वर यायचं, हे घाबरलेल्या अवस्थेतही आठवेल का? यातल्या एकाचंही उत्तर ‘बहुतेक’ असेल, तर जोरदार प्रवाहाच्या साइटला अजून वेळ आहे. मग ते नुसा पेनिडा असो, कोमोडो असो की मालदीवच्या दोन प्रवाळ-बेटांमधल्या खिंडी.

तारकर्लीला किंवा गोव्यात ‘ट्राय डाइव्ह’ केलेल्यांसाठी तर प्रश्नच नाही. तिथे प्रशिक्षक तुम्हाला धरून असतो, जॅकेटची हवा तोच सांभाळतो, आपण फक्त श्वास घेतो आणि फोटोला अंगठा दाखवतो. अनुभव सुंदरच, पण त्याला डाइव्हिंग येणं म्हणत नाहीत. ‘मालवणला केलंय ना, मग बालीत पण करू’ असं ठरवणारे ग्रुप मी कॉलेजच्या कट्ट्यावर स्वतः ऐकलेत.

तारकर्लीचीच एक आठवण सांगायला हवी. एफवायला असताना आम्ही पाच जणी तिथे ट्राय डाइव्हसाठी पहाटे उठून गेलो होतो. बोटवाल्या काकांनी पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “आज पाणी गढूळ आसा. उद्या येवा.” आम्ही खूप विनवलं. एकीने तर जास्त पैसे देऊ केले. काका हसले, अॅडव्हान्स परत केला आणि बोटीवर ताडपत्री ओढून घरी गेले. आम्ही दिवसभर त्यांच्या नावाने बोटं मोडली. आज वाटतं, माझ्या नऊ डाइव्हच्या आयुष्यात मला भेटलेला सगळ्यात चांगला डाइव्ह प्रोफेशनल तोच.

कारण सगळं शेवटी याच्यावर येतं, की ‘नाही’ कोण म्हणणार? डाइव्ह सेंटर म्हणेल ही आशा ठेवू नका. काही म्हणतात, काही म्हणत नाहीत, त्यांचं पोट त्यावर आहे. मित्रमैत्रिणी म्हणणार नाहीत, त्यांना तुमची कंपनी हवी असते. रील तर नाहीच नाही. उरतो आपण, आणि आपणच फॉर्मवर तीस लिहून मोकळे होतो. मी त्या सेंटरला दोष देऊ शकते, लॉगबुक मागितलं नाही म्हणून. पण गाइडने मला तीस डाइव्हवाली समजून ग्रुपमध्ये घेतलं होतं. त्याने माझ्याकडे सारखं बघावं, माझी हवा विचारावी, मला बोया द्यावा, याचं कारणच मी त्याच्या हातून काढून घेतलं होतं. आणि माझ्यामुळे बाकी पाच जणांची डाइव्हही अर्ध्यावर संपली, गाइडला वर आल्यावर एक माणूस कमी दिसला. त्याचा तेव्हाचा चेहरा मी विसरलेले नाही.

म्हणून जाणार असाल तर चार गोष्टी आधी विचारा. एका गाइडमागे किती जण? बोट मागे मागे येणार की ठरलेल्या जागी वाट बघणार? मला माझा स्वतःचा बोया मिळणार का? माझी हवा आधी संपली तर माझ्याबरोबर कोण वर येणार? उत्तर देताना समोरच्याने कपाळाला आठ्या घातल्या, तर पैसे वाचले असं समजा. आणि कालनिर्णय बघा. खरंच.

मी परत आल्यावर लॉगबुक काढलं. त्यात नववी डाइव्ह लिहिली : नुसा पेनिडा, ड्रिफ्ट, सेफ्टी स्टॉप अपूर्ण, एकटी वर आले, ११ मिनिटं, बोया नव्हता. स्टायपेंडमधून पहिली खरेदी बोयाची केली आहे. पुढच्या सीझनला मुर्डेश्वरजवळ नेत्राणीला जाऊन पाच मीटरवर नुसतं स्थिर राहायचा सराव करायचा, असा प्लॅन आहे. रील होण्यासारखं त्यात काही नाही.

त्यानंतर ड्रिफ्ट डाइव्ह करेनच. फॉर्मवरच्या त्या चौकटीत तेव्हा जो काय खरा आकडा असेल तो लिहीन. तो बघून एखाद्या सेंटरने मला वेगळं काढलं, सोप्या साइटवर पाठवलं, तर त्याच सेंटरकडे मी पुन्हा जाईन.